फॉरवर्ड हीसुद्धा वाणीच



आजचं चिंतन गीतेच्या १७ व्या अध्यायातल्या १५ व्या श्लोकावर. भगवंत इथे वाणीचं तप सांगतात. आपलं बोलणं कुणाला अस्वस्थ करणारं नसावं. ते सत्य, प्रिय आणि हिताचं असावं. सोबत स्वाध्यायाचा नेमही हवा.

मागच्या वर्षी मीरा रोडहून अंधेरीला ऑफिसला जाताना लोकलमध्ये एक मेसेज आला. रोज लसूण खा, बीपी कायमचं जाईल, गोळ्यांची गरजच नाही. मी अर्धाच वाचला आणि आईला फॉरवर्ड केला. तीन आठवड्यांनी तिचं बीपी मोजलं तर १८० च्या वर! तिने गोळ्या बंद केल्या होत्या. त्रास मात्र काहीच नव्हता, कारण वाढलेलं बीपी बऱ्याचदा जाणवतच नाही. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. घरी येऊन मी चिडलो, "असल्या मेसेजवर विश्वास कसा ठेवतेस?"

आई म्हणाली, "मेसेजवर कुठे ठेवला? तू पाठवलास ना."

माझा मेसेज प्रिय होता, हिताचाही वाटत होता. सत्य आहे का, हे मी पाहिलंच नव्हतं. ऑफिसात दोन ओळींचा कोडसुद्धा दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. आणि आईच्या औषधाबद्दल मी एवढा बेफिकीर!

२०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनमुळे कोरोना होतो, ही अफवा अशीच पसरली. भाव कोसळले, महाराष्ट्रातल्या कुक्कुटपालकांचं मोठं नुकसान झालं. पाठवणाऱ्या अनेकांच्या मनात घरच्यांची काळजीच असेल. पण काळजी खरी असली म्हणून माहिती खरी ठरत नाही. खूप फिरलेल्या मेसेजवर व्हॉट्सॲप दोन बाण दाखवतं. त्यातून तो किती फिरलाय एवढंच कळतं. मूळ कुणी लिहिलं ते कळत नाही, दिसतं ते आपलं नाव. वाचणारा विश्वास ठेवतो तो त्या नावावर.

म्हणून मला वाटतं, फॉरवर्ड हीसुद्धा आपली वाणीच. "मी फक्त पुढे पाठवलं" ही पळवाट आहे.

मी आईची माफी मागितली. आता मी काही पाठवलं की ती आधी विचारते, "डॉक्टरांना विचारलंस का?" तिचा विश्वास कमी झालाय असं मला वाटत नाही. उलट तो आता डोळस झालाय.

आजचा छोटासा संकल्प: तब्येतीबद्दलचं काहीही पाठवण्याआधी स्वतःला विचारूया, हे मला प्रिय आहे म्हणून पाठवतोय, की सत्य आहे म्हणून?

राम कृष्ण हरी 🙏