तीमथ्याच्या पोटाची चौकशी

शास्त्रपाठ : १ तीमथ्य ५:१७-२५



उपासना संपली, आशीर्वाद झाला, की आपल्या मंदिराच्या व्हरांड्यात दुसरे एक प्रवचन सुरू होते. हे प्रवचन देण्यास दीक्षा लागत नाही. कोणी गुडघ्यांवर मेथीचे लाडू सांगतो, कोणी साखर सोडून गूळ धरा म्हणतो (मधुमेह झालेल्याला गूळही साखरेसारखाच, हे त्याला कोणी सांगत नाही), कोणी अनशापोटी कोमट पाणी पिऊन आपले पित्त कसे गेले याची साक्ष देतो, आणि ही साक्ष पुष्कळदा आत दिलेल्या साक्षीपेक्षा अधिक उत्साहाची असते. आम्ही यातून स्वतःस वगळत नाही. सल्ला देण्याची हौस उपदेशकांना जरा जास्तच.

असाच एक सल्ला पौलाने तीमथ्याला दिला आहे. पाचव्या अध्यायाच्या तेविसाव्या वचनात तो सांगतो की, यापुढे नुसते पाणीच पीत राहू नकोस, पोटासाठी व वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे. हे वचन रविवारच्या शाळेत आपण बहुधा गाळतो. आणि ज्यांना ते तोंडपाठ असते त्यांना बाकीचे पत्र पाठ नसते! त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की, याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीचा अध्यक्ष व सेवक मद्यपी नसावा अशी अट पौलानेच घातली आहे. त्या काळी द्राक्षारस हे घरगुती औषध होते. चांगल्या शोमरोन्याने जखमेवर तेलाबरोबर द्राक्षारसच ओतला होता (लूक १०:३४).

पण आमचे लक्ष औषधाकडे नाही, सल्ल्याच्या रीतीकडे आहे. तीमथ्य तेव्हा इफिसात होता. काही अन्ने वर्ज्य करा असे शिकवणारे लोक उठतील, असा इशारा चौथ्या अध्यायात आहे. तीमथ्य पाण्यावरच राहिला तो लोकांनी बोट दाखवू नये म्हणून असावा, असे आम्हाला वाटते. कारण काहीही असो, त्याचे पोट एकदा नव्हे, वारंवार दुखते हे पौलाला ठाऊक होते. ज्याने ही चौकशी केली आहे त्याचाच सल्ला पोटापर्यंत पोहोचतो. ही गोष्ट आम्हाला पदविकेच्या वर्गात समजली नाही. ती एका बाईने समजावली, आणि तिला त्याची किंमत फार पडली.

आमचा भाग निपाणीच्या बाजूचा, म्हणजे तंबाखूचा. बडोद्याच्या वाचकांना शेजारच्या चरोतरामुळे हे वेगळे सांगायला नको. तंबाखू हे आपल्याकडचे पीक नव्हे, ते अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आले. अकबर बादशहाला तंबाखू दाखवला तो असद बेग याने, १६०४-०५ च्या सुमारास, आणि त्याने तो नेला होता आमच्या शेजारच्या विजापुराहून. तेव्हापासून ही वनस्पती या मातीत अशी रुजली की तिच्या भावासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग अडवला आणि गोळीबारात माणसे मेली. पीक शेतकऱ्याचे, वखार व्यापाऱ्याची, आणि विड्या वळायच्या त्या बायकांनी, घराच्या उंबऱ्याशी बसून, मांडीवर सूप घेऊन. आमच्या मंडळीतही अशा भगिनी आहेत.

काही वर्षांपूर्वी भगिनी मंडळाच्या सभेत आम्हाला बोलावले होते. विषय आम्हीच निवडला : शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर (१ करिंथ ६:१९). त्या अध्यायात पौल व्यभिचाराविषयी बोलत आहे आणि तंबाखूचे नावही त्याच्या कानी गेले नव्हते, हे आम्हाला माहीत होते, तरी वचन हाताशी होते आणि ते आम्ही वापरले. बोलण्याच्या ओघात आम्ही असेही म्हणालो की, ज्या तोंडात सकाळ-संध्याकाळ मशेरी फिरते त्याच तोंडाला प्रभूचा प्याला कसा लावावा? पुढच्या रांगेत माना डोलल्या. चहाच्या वेळी दोघी-तिघींनी येऊन, "दादा, बरं झालं बोललात," असे सांगितले. आम्ही समाधानाने घरी गेलो.

त्या सभेत एक विधवा भगिनी मागे बसली होती. विड्या वळून तिने दोन मुले शिकवली. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूने दात घासायला मशेरी दिली, तेव्हापासून ती सुटली नाही. त्या दिवसानंतर ती प्रभुभोजनाला पुढे येईनाशी झाली. आमच्या ते लक्षातही आले नाही, हे लिहिताना लाज वाटते. तिच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला होता. तिखट लागले की आग होई. तिने भाकरी दुधात कुस्करून खायला सुरुवात केली आणि दातांचे कारण सांगितले. जवळजवळ वर्ष गेले. शेवटी सुनेने बळेच दवाखान्यात नेले, तोवर चट्ट्याची गाठ झाली होती. शस्त्रक्रियेत जबड्याचा तुकडा गेला. आम्ही भेटायला गेलो आणि उपदेशकाच्या सवयीने विचारले, "ताई, आधी का नाही हो सांगितलंत?"

तिला नीट बोलता येत नव्हते. हळूहळू म्हणाली, "दादा, तुम्हाला कळलं असतं ना."

असा पांढरा चट्टा लवकर दाखवला आणि तंबाखू थांबवला, तर पुष्कळदा तो कमी होतो किंवा जातोही. म्हणजे तिचे तोंड वाचण्याचा एक काळ होता, आणि तो काळ तिने आमच्यापासून लपण्यात घालवला. तंबाखूने जे केले ते केले. पण दार लावून घेतले ते आमच्या एका टाळ्यांच्या वाक्याने.

पुढे तिच्या घरी आम्ही अनेकदा बसलो. पौलाने जे आधी केले ते आम्ही शेवटी केले. विड्यांची मजुरी हजारावर मिळते. एक हजार वळायच्या म्हणजे पाठ मोडेपर्यंत बसायचे, स्वयंपाकाला उठले तर हिशेब चुकतो. मशेरीची चिमूट लावली की भूक मरते, दाढेचा ठणका बसतो, डोळ्यावरची झापड उडते. शिवाय तंबाखूतले निकोटीन वळणाऱ्या बोटांच्या कातडीतूनही अंगात जाते. दिवसभर जो पदार्थ सुपात घेऊन बसायचे त्याचाच नाद सोडायचा, हे मंदिराच्या व्यासपीठावरून जितके सोपे दिसते तितके नाही. आणि तिच्या हातचा अर्पणाचा रुपया विडीतूनच आलेला असे. तो थैलीत पडताना कोणी कधी हरकत घेतली नव्हती.

आता आमच्या शास्त्रपाठातील पुढचे, चोविसावे वचन पाहा. काहींची पापे उघड असतात व न्यायाच्या आधीच पुढे जातात, काहींची मागाहून येतात, असे तेथे म्हटले आहे. मशेरीची डबी उघड आहे. बिचारी पदराच्या गाठीलाच असते. आमचा दिवसाचा पाच कप चहा मात्र सेवा म्हणून खपतो, कारण तो घरभेटीत प्यावा लागतो. इंदूरच्या वाचकांनी हसू नये, पोहे-जिलबी हीही घरभेटीतच होते. आम्ही चालत नाही, रात्री उशिरा जेवतो, आणि घरी आमचा आवाज व्यासपीठापेक्षा चढा असतो. यंदा डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब सांगितला, तेव्हा आमचे मागाहून येणारे पाप त्या यंत्रात पाऱ्यासारखे वर चढले. डॉक्टरांनी आम्हाला प्रभुभोजनापासून दूर राहा असे सांगितले नाही. त्यांनी झोप किती लागते ते विचारले.

म्हणून तंबाखूविषयी गप्प बसावे काय? मुळीच नाही. गप्प बसणे म्हणजे प्रीती नव्हे. भारतात २०१६-१७ साली झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरणारे आढळले, आणि चघळणारे व लावणारे हे ओढणाऱ्यांच्या दुपटीने होते. तोंडाचा कर्करोग आपल्याकडे इतका दिसतो तो यामुळेच. गरोदरपणी मशेरी लावणाऱ्या बाईचे मूल कमी वजनाचे होण्याचे भय असते. हे सर्व स्पष्ट सांगितले पाहिजे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून व कर्नाटकात २०१३ पासून बंदी आली. मशेरी मात्र घरच्या तव्यावर भाजली जाते, तेथे कायदा कोठून पोहोचणार? तेथे शेजारीणच पोहोचेल.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. आमच्या भागात एका मुलाने वर्गातून घरी जाऊन आजीला सांगितले, "तू मशेरी लावतेस, तू नरकात जाणार." शिक्षकाने तसे शिकवले नव्हते, पण मुलांच्या कानात तसे गेले. मुलांना घरातले शिपाई करू नका. त्यांना इतके शिकवा की आजीच्या तोंडात फोड किंवा चट्टा असेल आणि तो दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर बाबांना सांगायचे आणि दवाखान्यात आजीचा हात धरून जायचे. हे काम मुले फार आनंदाने करतात.

आणि सोडणाऱ्याला एकटे सोडू नये. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड होते, डोके दुखते, झोप उडते, हात आपोआप डबीकडे जातो. तलफ पुढे काही आठवडे येत राहते, पण एकेक तलफ थोड्या मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ कोणी जवळ बसून बडीशेप पुढे केली तरी पुष्कळ. एकमेकांची ओझी वाहण्याविषयी गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात जे आहे त्याचा अर्थ आमच्या भगिनी मंडळाने सध्या असा लावला आहे : सोडणारीच्या घरी पहिले चार दिवस दुपारी कोणीतरी बसायला जाते आणि तिच्याबरोबर पाने कापते. सभेत आरसा आणून एकमेकींची तोंडेही पाहतात. पहिल्या वेळी तोंड उघडायला कोणी तयार होईना. तेव्हा मागे बसणारी ती भगिनी पुढे आली, पदर बाजूला केला आणि आपला गाल सर्वांना दाखवला. आता ती प्रभुभोजनालाही येते. भाकर तिच्यासाठी बारीक मोडून द्यावी लागते, ती आमचे पाळक न विसरता देतात.

तिघींनी आजवर मशेरी सोडली, त्यांतील एकीने पुन्हा धरली, आणि ती तरीही सभेला येते.

गेल्या आठवड्यात आम्ही एका वृद्ध बंधूंकडे गेलो होतो. त्यांचा तंबाखू चुन्यासह साठ वर्षांचा आहे. आम्ही त्यांच्या पोटाची चौकशी केली. ते पाऊण तास पोटाविषयी, मग निघून गेलेल्या पत्नीविषयी बोलले, आणि तंबाखूपर्यंत काही गाडी आली नाही. निघताना म्हणाले, "गुरुवारी या, मी घरीच असतो." गुरुवारी जायचे आहे.