रोजच्या वाटणीतील विधवा
शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6, वचने 1 ते 7



यरुशलेमेतील मंडळीत जी कुरकुर उठली ती मतभेदाची नव्हती, भाकरीची होती. रोजच्या वाटणीत हेल्लेणी यहूद्यांच्या विधवांची उपेक्षा होत असे. प्रेषितांनी ते गाऱ्हाणे क्षुद्र मानिले नाही. चांगल्या नावाचे सात पुरुष निवडवून त्यांवर ते काम सोपविले. त्या सातांत स्तेफन होता, हे ध्यानात ठेवावे.

हा भाग आज काढण्याचे कारण वाणसामान होय. सोलापुराभोवतालच्या खेड्यांत पुष्कळ कुटुंबे तेल, चहा, साखर पाच-दहा रुपयांच्या पुड्यांनी घेतात, व तीही उधारीने. पुडीचा भाव किलोवर मांडून पाहिला, तर गरीबच अधिक दाम देतो असे दिसते. शिवाय ज्याचे नाव उधारीच्या वहीत आहे तो भाव विचारीत नाही व तराजूकडे बोट दाखवीत नाही. (सर्व दुकानदार लबाड आहेत असे आम्ही म्हणत नाही, अवर्षणात कित्येकांनी आम्हांस जगविले आहे.)

इंग्लंडात रॉचडेल गावी 1844 साली 28 जणांनी, ज्यांत आमच्या सोलापुरासारखे विणकरही होते, प्रत्येकी एक पौंड घालून दुकान उघडिले. पीठ, साखर, लोणी असे थोडेच जिन्नस. परंतु माल शुद्ध, वजन पुरे व दाम रोख. नफा खरेदीच्या मानाने सभासदांस परत मिळे. आपल्याकडे 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची घरे संघ करून महिन्याची यादी देतात, आणि घाऊक आलेला माल सभासदच वाटून घेतात.

आमच्या मंडळीत बारा घरांनी असेच आरंभिले. ज्वारी, तूरडाळ, गोडे तेल, साखर सोलापुरच्या बाजारातून एकदम आणिली. रोखीचा नियम आम्हीच केला. पहिल्याच वाटणीस एक विधवा बहीण पिशवी घेऊन आली. तिने पैसे आगाऊ भरले नव्हते. आम्ही तिला नियम सांगितला; ती निमूटपणे त्याच दुकानी पुडी घ्यावयास गेली. त्या रविवारी हाच अध्याय वाचावयाचा होता. आम्हांस तो वाचवेना.

मग नियम मोडावा काय? आमच्या मते नाही. आज एकास उधार दिले, तर उद्या पाळकाचा भाऊ व पंचाचा जावई दारात उभे राहतील, आणि पुढल्या महिन्यात माल आणावयास पैसाच उरणार नाही. परंतु नियम राखूनही विधवेस आत घेता येते. गरिबांच्या दानपेटीतून तिची पहिल्या महिन्याची रक्कम रोख भरली. ते कर्ज नव्हे, दान होय. आता मजुरी मिळेल त्या दिवशी ती थोडथोडे खजिनदाराकडे ठेविते, म्हणजे यादीच्या वेळेस रक्कम पुरी होते.

उपदेशक बंधूंनो, हिशेबाची वही तुम्ही ठेवू नका. प्रेषितांनीही ते काम आपल्याकडे ठेविले नाही. पैसा दोघांनी मोजावा, दोघांनी सही करावी, आणि वही भक्तीनंतर सर्वांपुढे उघडी असावी. वजने सरकारी शिक्क्याचीच घ्यावी.

आमच्या सात जणांत एक जागा रिकामी होती. तेथे त्याच बहिणीस नेमिले आहे. वाटणीच्या दिवशी तराजू ती धरिते.