परवानगी कोणी कोणाला द्यायची?

नववीच्या वर्गात त्या दिवशी इंग्रजीचा 'अलाऊ' हा शब्द शिकवायचा होता. उर्दू माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवताना नवा शब्द आधी उर्दूत सांगावा लागतो, मग वाक्यात वापरून दाखवावा लागतो, आणि तरीही कळला नाही तर बाजारातली मराठी मदतीला घ्यावी लागते. 'अलाऊ' म्हणजे इजाजत देना, परवानगी देणे, एवढे फळ्यावर लिहून मी म्हटले, "आता हा शब्द वापरून आपापल्या घराबद्दल तीन वाक्ये लिहा."

वह्या तपासायला घेतल्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मुलांची वाक्ये सरळ होती. अब्बा मला मोटारसायकल चालवू देतात, अम्मी मला मैदानावर खेळायला जाऊ देते. मुलींची वाक्ये बहुतेक नकारार्थी होती आणि कर्मणी प्रयोगात होती. 'आय ॲम नॉट अलाऊड', म्हणजे मला परवानगी नाही. कोणाची परवानगी नाही, हे वाक्यात कुठेच नव्हते. कर्मणी प्रयोगाची ही सोयच असते, क्रिया शिल्लक राहते आणि कर्ता निघून जातो. एका मुलीने लिहिले होते, "मला मोठ्याने हसण्याची परवानगी नाही."

वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने अगदी बिनचूक होते. मला कौतुक वाटले म्हणून मी ते वर्गात वाचून दाखवले. वर्ग हसला. ती मुलगी मान खाली घालून बसली. तास संपल्यावर ती माझ्या टेबलाजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मिस, आपने मुझसे पूछा नहीं."

बी.एड.च्या उत्तरपत्रिकेत बालकाच्या आत्मसन्मानावर मी पानेच्या पाने लिहिली आहेत. परंतु परवानगी हा शब्द शिकवणाऱ्या मलाच परवानगी घ्यायचे सुचले नव्हते. हा लेख त्या मुलीच्या एका वाक्यातून निघाला आहे.

शब्दांपासूनच सुरुवात करते. 'अलाऊ' हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनचे दोन वेगवेगळे शब्द एकत्र मिसळले आहेत. एकाचा अर्थ प्रशंसा करणे, पसंत करणे. दुसऱ्याचा अर्थ नेमून देणे, वाटा ठरवून देणे. 'अलाउन्स' हा शब्द याच घराण्यातला. आम्हा शिक्षकांना महागाई भत्ता मिळतो. तो कोणी खूश होऊन दिलेला इनाम नसतो, तो नेमून दिलेला हिस्सा असतो, आणि तो थकला की आम्ही मोर्चा काढतो. म्हणजे 'अलाऊ' या शब्दात दोन माणसे राहतात. एक वरून खाली पाहून "ठीक आहे, जा" म्हणणारा. दुसरा, "हे तुझेच आहे, घे" म्हणणारा.

आपल्या मराठीत या अर्थाचे शब्द बहुतेक आपल्याच ओळखीच्या वाटेने आलेले आहेत. परवानगी फारसीतून आली. रजा अरबीतून आली, तिचा मूळ अर्थ राजी असणे, खुशी. आज आपण मुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज करतो तेव्हा त्यात कोणाची खुशी आहे हे विचारत नाही, तो भाग वेगळा. आणि तिसरा शब्द मुभा. मराठी माणूस सहज म्हणतो, "इथे बसायची मुभा आहे." हा शब्द अरबी 'मुबाह'वरून आलेला आहे, आणि मुबाह हा आपल्या फिकहमधला मोठ्या वजनाचा शब्द आहे.

फिकहमध्ये माणसाच्या कृतींचे पाच दर्जे सांगितले जातात. फर्ज, मुस्तहब, मुबाह, मकरूह आणि हराम. मधला दर्जा मुबाहचा. जे करण्यात सवाब नाही आणि न करण्यात गुनाह नाही ते मुबाह. बहुसंख्य फुकहांनी मान्य केलेला एक नियम असा आहे की इबादतीची गोष्ट वेगळी, पण दुनियेतल्या वस्तूंची आणि व्यवहारांची मूळ स्थिती मुभेची आहे. एखादी गोष्ट मना आहे असे म्हणणाऱ्याने दलील आणायची. करणाऱ्याने परवानगीचा कागद दाखवायचा नाही.

आता आपल्या घरांकडे पाहू. घरात हा नियम उलटा चालतो. सगळ्या गोष्टी मना आहेत, आणि ज्यांची परवानगी मिळाली तेवढ्याच चालतात. दलील मागितली जाते ती परवानगी मागणाऱ्याकडून. मोठ्याने हसायला हराम कोणी म्हटले, असे त्या मुलीने विचारले असते तर "जुबान चालवते" एवढेच उत्तर मिळाले असते. हराम-हलालच्या नावाने आपण जो हिशेब मुलींपुढे ठेवतो त्यातला बराचसा भाग शरीयतचा नसून शेजाऱ्यांच्या नजरेचा असतो.

येथे कोणी म्हणेल, मुलांना वळण लावायचेच नाही का? जरूर लावायचे. तीन वर्षांचे मूल विहिरीकडे धावले तर त्याची मर्जी कोणी विचारत नाही. आई-वडिलांवर जबाबदारी आहे आणि जबाबदारीबरोबर अडवण्याचा अधिकारही येतो. पण हा अधिकार विहिरीपुरता आहे. विहीर कुठे आहे हे दाखवता आले पाहिजे. आणि मूल जसजसे मोठे होते तसतसा हा अधिकार आटत जायला हवा. आपल्याकडे मुलगा मोठा झाला की तो आटतो, मुलगी मोठी झाली की तो वाढतो.

सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्यापुढे पेय आणले गेले. त्यांच्या उजव्या बाजूला एक लहान मुलगा बसला होता आणि डाव्या बाजूला वयस्कर मंडळी. रिवाजाप्रमाणे पेला उजवीकडे जायचा. आपण (स.) यांनी त्या मुलाला विचारले की, हे आधी या बुजुर्गांना देण्याची तू मला परवानगी देतोस का? मुलगा नाही म्हणाला. आपल्याकडून मिळणारा माझा हिस्सा मी दुसऱ्या कोणाला देणार नाही, अशा अर्थाचे त्याने उत्तर दिले. आणि पेला त्याच्या हातात ठेवण्यात आला.

हा प्रसंग आपण मुलांना अदब शिकवताना सांगतो, उजव्या हाताचे महत्त्व सांगताना सांगतो. मला मात्र आता त्यात दुसरेच दिसते. इथे परवानगी मागणारा मोठा आहे आणि देणारा छोटा. मोठ्याने विचारले, कारण हिस्सा छोट्याचा होता. छोट्याने नकार दिला आणि कोणी त्याला बेअदब म्हटले नाही. परवानगी वयाने मोठा असलेल्याकडून मागायची नसते, ज्याचा हिस्सा आहे त्याच्याकडून मागायची असते. 'अलाऊ' शब्दातल्या दुसऱ्या माणसाची गोष्ट ती हीच.

आणि विचारणे खरे कधी? नकार चालणार असेल तर. निकाहच्या दिवशी वकील आणि दोन गवाह मुलीकडे इजाजत घ्यायला जातात. तिच्या आयुष्यात हा एकच दिवस असा, की घरातले पुरुष तिच्यापुढे परवानगी मागायला उभे असतात. कुमारिकेचे मौन हीच तिची इजाजत, अशी हदीस आहे आणि ती आपल्याला तोंडपाठ आहे. पण मुलगी बोलायला लाजते, या प्रश्नाच्या उत्तरात ते सांगितले गेले होते. लाजणाऱ्या मुलीवर ती मेहेरबानी होती. हजरत खनसा बिन्ते खिदाम यांचा निकाह त्यांच्या वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला तेव्हा पैगंबरांनी (स.) तो रद्द ठरवला, हेही बुखारीतच आहे. ती हदीस आपल्याला तोंडपाठ नाही.

माझ्या निकाहच्या वेळी मी डोके हलवले होते. माझी हरकत नव्हती, आणि माझे शौहर भले माणूस आहेत. परंतु आज विचार करते, हरकत असती तर? बाहेर मंडप, देगा चढलेल्या, दोनशे माणसे जेवणाच्या प्रतीक्षेत. ज्या मुलीला वीस वर्षांत चहाच्या कपालाही नाही म्हणायची सवय लागली नाही, ती त्या दिवशी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? तिच्या मौनाचा अर्थ आपण कोणत्या हक्काने लावतो?

कायद्यालाही हा प्रश्न सुटायला वेळ लागला. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा खटला म्हणून तो ओळखला जातो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा अर्थ लावला गेला. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे हा फरक दाखवून दिला. देशभर आंदोलन झाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीत तर संमती स्वेच्छेची आणि नि:संदिग्ध असली पाहिजे, केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले गेले.

घरातली गोष्ट इतकी भयंकर नसते, पण शरण जाणे आणि राजी असणे यांतला फरक तिथेही तोच आहे. नाना वारले तेव्हा अम्मीने भावांच्या नावे हक्कसोडपत्रावर सही केली. कुरआनने मुलीचा हिस्सा नेमून दिला आहे, तो कोणाच्या मेहेरबानीचा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होते. अम्मी नेहमी म्हणायची, "मैंने खुशी से छोड़ा." एकदा मी विचारले, "अम्मी, नाही म्हणता आले असते का?" ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "फिर मायका रहता क्या?" मी पुढे काही विचारले नाही. माझे मामा वाईट नाहीत. त्यांनी सही मागितली, पण नकाराला जागा ठेवली नाही. तिला खुशी म्हणायचे की आणखी काही, हे प्रत्येकाने आपापल्या घरातल्या कागदांकडे पाहून ठरवावे.

आता त्या मुलीकडे परत येते. ती दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. पण पुढे शिकवणार नाहीत असे कळले, म्हणून मी तिच्या घरी गेले. वडील रिक्षा चालवतात. त्यांनी अदबीने बसवले, चहा मागवला आणि म्हणाले, "मिस, आमच्या खानदानात मुलींना सातवीच्या पुढे इजाजत नव्हती. मी दहावीपर्यंत दिली."

त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. भावकीचे टोमणे त्यांनी ऐकलेले होते. त्यांची विहीरही खरी होती. ज्युनियर कॉलेज तालुक्याला, एसटीला गर्दी, परतायला संध्याकाळ. मी इतकेच म्हटले, "भाई, इल्म हासिल करणे फर्ज आहे असे आपण जुम्माच्या बयानात ऐकतो. फर्जची इजाजत कोणी कोणाला देतो का? नमाजची देतो का? एसटीची अडचण असेल तर एसटीचे बोलू. इजाजतीचे राहू द्या." ते गप्प राहिले. मग त्यांनी मुलीला हाक मारली आणि सगळ्यांसमोर विचारले, "बोल, तेरी क्या मर्जी है?"

ती म्हणाली, "अब्बा की जो मर्जी."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. म्हणजे झाले, विचारले. मला माझा निकाह आठवला, अम्मीचे तांदूळ आठवले. मी विनंती केली की आज राहू द्या, उद्या तिच्या अम्मीने तिला एकटीला विचारावे, आणि ती नाही म्हणाली तरी कोणी रागावणार नाही हे आधी सांगावे. त्यांनी ते मान्य केले, ही त्यांची थोरवी.

दोन दिवसांनी तिची अम्मी शाळेत आली. मुलीला शिकायचे होते. पण मी तिच्यासाठी मनात ठरवून ठेवलेली सायन्स शाखा तिला नको होती, तिला आर्टसला जायचे होते. मला क्षणभर वाईट वाटले. इतके गुण आणि आर्टस? बोलायला तोंड उघडले आणि मिटले. मीही तिला विचारले कुठे होते?

ती आता अकरावीला आहे. पहिले काही दिवस तिचे अब्बा स्वतः एसटी स्टँडपर्यंत सोडायला जात होते. आणि मी माझ्या वर्गात एक सवय लावून घेतली आहे. वहीतले काही वाचून दाखवायचे असेल तर आधी त्या मुलाला किंवा मुलीला बाजूला घेऊन विचारते. बहुतेक हो म्हणतात. परवा एक मुलगी नाही म्हणाली. निबंध फार सुंदर होता, वर्गाला ऐकवावा असे फार मनात होते. मी वही मिटून तिच्या हातात दिली.