निर्जन माळ

दिवाळीची सुट्टी लागली आणि हवेत गारवा आला, की माझे पाय आपोआप अहमदपूरबाहेरच्या माळाकडे वळतात. बालाघाटचे पठार एके ठिकाणी एकदम तुटते. तिथे कड्यावर उभे राहावे. कुसळीवर दव असते, एखादी टिटवी ओरडत उठते, आणि खालची तुरीची-ज्वारीची शिवारे धुक्यातून हळूहळू वर येतात.

हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. थरावर थर थिजत गेले आणि डोंगरांना पायऱ्या पडल्या. एवढ्या काळापुढे शाळेची हजेरी, घरची देणी, अडून राहिलेले लेखन, सारे क्षुल्लक वाटते. आणि त्यात एक सुख असते. माझ्या एका कादंबरीत मी या जागेला ‘निर्जन माळ’ म्हटले होते. त्या शब्दांवर मी मनातून खूश होतो.

गेल्या हिवाळ्यात असाच उभा असताना मागून आवाज आला, “काय हरवलं का ओ, गुरुजी?”

डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेली एक म्हातारी होती.

“काही नाही मावशी, बघतोय.”

“काय, धोंडे?”

मी हसलो, पण प्रश्न रुतला. ज्या कातळाचे मला कौतुक, त्यात पाणी मुरायला जागा थोडी, वर माती वीतभर. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपल्या स्मरणात असेल. दसरा-दिवाळी झाली, की बालाघाटातली कितीतरी जोडपी मुकादमाची उचल फेडायला ऊसतोडीला जातात, ती पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. माझ्या वर्गातले काही बाक तेव्हा रिकामे होतात. मला दिसणारे सौंदर्य आणि यांची ओढाताण, दोन्ही बऱ्याच अंशी एकाच दगडातून आलेली. मग ते पाहून सुख मानणे हा अपराध म्हणायचा का?

म्हातारीने भारा खाली टाकला आणि दूरच्या रस्त्याकडे बोट केले. “तिथून गेला टरक. ल्योक-सून गेले. वळणापोतर दिसला.” मग कपाळावर हात धरून तीही बघत राहिली, माझ्यापेक्षा जास्त वेळ.

पाहणे हा अपराध नव्हे, हे मला तिच्याकडे बघून कळले. चूक माझ्या शब्दात होती. तिच्यासारख्यांच्या पायांनी पडलेल्या वाटेने मी रोज वर चढत होतो, आणि वर येऊन माळाला निर्जन म्हणत होतो!

“जरा हात लावा,” ती म्हणाली. भारा तिच्या डोक्यावर चढवताना माझे हात थरथरले. ती मात्र सराईतपणे कडा उतरून गेली.

यंदाही मी माळावर जाणार आहे. माझे सुख कमी झाले, असे खोटे सांगणार नाही. कादंबरीची दुसरी आवृत्ती निघेल न निघेल. माझ्याजवळच्या प्रतीत मात्र तो एक शब्द मी खोडून ठेवला आहे. त्याच्या जागी कोणता घालावा, ते अजून सुचलेले नाही.