बोलावलंत का?

चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना भरात होता तेव्हा आत्याबाईंची खानावळ चालायची. दोन वेळच्या मिळून शंभरावर भाकरी. कारखाना थांबला, खानावळ बसली, आणि मग उजवा हात कुरकुरायला लागला.

रात्री दोन-अडीचला अंगठा आणि शेजारची दोन बोटं मुंग्यांनी भरून जायची. करंगळी तेवढी शाबूत; तिची नस वेगळी. आत्याबाई ओट्यावर बसून हात झटकत राहायच्या. सुनेनं लांबून पाहिलं तेव्हा तिला वाटलं, हातानं खुणावतायत.

"बोलावलंत का, आत्या?"

"नाही गं. जा, झोप तू."

डॉक्टरांनी सांगितलं, मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दबलीय. वरचा पट्टा कापून तिला जागा करून द्यायची. तेवढा हात बधिर करायचा, संध्याकाळी घरी. तारीख मात्र दीड महिन्यानंतरची मिळाली.

तो दीड महिना वाईट गेला. नस तुटली तर? हात लुळा पडला तर? जन्मभर सुनेच्या हातचं खावं लागलं तर? (सून वाईट रांधत नव्हती. पण रोज शंभर भाकरी वाढलेल्या बाईला आयतं ताट परक्या घरचं वाटतं.) आत्याबाईंनी हरिपाठाला जाणं सोडलं, जेवण निम्म्यावर आलं. कुणी विचारलं की म्हणायच्या, "बरंय."

तपासणीला डॉक्टरांनी नसेचा रिपोर्ट पाहिला. "दाब मध्यम दिसतो, तुमचं दुखणं त्याहून फार मोठं. झोप लागते का?"

"लागते."

"खोटंय ते," सून म्हणाली. "रोज पहाटेपर्यंत जाग्या असतात. परवा म्हणाल्या, देवानं न्यावं आता."

आत्याबाई उसळल्या, "म्हणजे मी नाटक करते का? येडी झालेय का?"

"दुखणं खरंच आहे," डॉक्टर म्हणाले. "मनातली काळजी त्याच दुखण्याला चढवते. हाताला तारीख दिली, तशी काळजीलाही देऊ." त्यांनी रात्री मनगटाला बांधायचा पट्टा दिला, मनोविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि तिच्यामागे टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर टाकला. फुकट आहे, रात्रीही लागतो, म्हणाले.

वाटेत आत्याबाई एक शब्द बोलल्या नाहीत. चिठ्ठी मात्र पदराच्या गाठीला होती.

त्या रात्री पट्टा बांधूनही बोटं जड झाली. त्या ओट्यावर आल्या, पट्टा सोडला, हात झटकला. आत दिवा लागला.

"बोलावलंत का, आत्या?"

"हो," आत्याबाई म्हणाल्या आणि ओट्यावर थोड्या सरकून बसल्या.