हजेरीपटावरचे जंगल

यंदाच्या वन्यजीव सप्ताहात आमच्या गावी आलेले एक पाहुणे वक्ते बोलून गेले, की वन्यजीव क्षेत्रात नोकऱ्या नाहीत ही ओरड आळशी पोरांची आहे. ज्याला जंगलाचे खरे वेड असते तो पगाराचा हिशेब करत नाही. टाळ्या पडल्या. मग शाल, श्रीफळ आणि पाकीट झाले, आणि पाहुण्यांनी ते घेतले. पाकिटाबद्दल माझी तक्रार नाही. बोलण्याला मोल असावे याच मताचा मी आहे. बोलण्याला असावे आणि रात्रभर जंगल तुडवण्याला नसावे, हे गणित मात्र मला सुटत नाही.

आधी त्या आळशी पोरांची बाजू. जळगावच्या विद्यापीठातून प्राणिशास्त्र, पर्यावरणशास्त्र घेऊन दरवर्षी मुले बाहेर पडतात. त्यातली काही खरोखरच झपाटलेली असतात. सुट्टी लागली की पाल-यावलच्या रानात. पुढे काय? डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचे एनसीबीएस हे जीवविज्ञान केंद्र इथले वन्यजीवशास्त्राचे पदव्युत्तर वर्ग नामांकित खरे, पण एका तुकडीत जेमतेम पंधरा-वीस जागा, त्याही अख्ख्या देशाला. स्वयंसेवी संस्थांत शिरावे तर काम प्रकल्पापुरते, प्रकल्प निधीपुरता, आणि पहिले सहा महिने ‘अनुभव’ हेच मानधन. अनुभवावर जगता येते ते पुण्या-मुंबईच्या मुलाला, कारण त्याचे भाडे वडील भरतात. कपाशीवर घर चालणाऱ्या धरणगावच्या मुलाने एकदा मला सरळ सांगितले, “सर, जंगल आवडस, पन पोटले काय देऊ?” म्हणजे ज्याला आपण निष्ठेची कसोटी म्हणतो, ती बऱ्याचदा बापाच्या खिशाची कसोटी असते.

राहिली सरकारी वाट. २०२३ मध्ये राज्यात वनरक्षकांच्या २,१३८ जागा निघाल्या. बारावीची अट, पण रांगेत एम.एस्सी. झालेलेही होते. लेखी परीक्षा, मग पुरुषांना पाच आणि महिलांना तीन किलोमीटर धाव, आणि शेवटी चार तासांत पुरुषांनी पंचवीस किलोमीटर चालून दाखवायचे. पाहुण्यांनी ही परीक्षा दिलेली नाही, हे त्यांच्याकडे पाहूनच कळत होते.

इथवर माझा राग सरळ होता: शिकलेल्या मुलांना काम द्या. पण धरणगावात बसून नोकरी आणि जंगल यांवर लिहायचे, तर या गावाचा एक जुना कागद मध्ये आडवा येतो. बाहेरच्यांना धरणगाव माहीत असते ते बालकवींचे जन्मगाव म्हणून. त्यांच्या जन्माच्या पासष्ट वर्षे आधी, १८२५ मध्ये, जेम्स औट्रम नावाचा बावीस वर्षांचा लेफ्टनंट खानदेशात आला. १८१८ मध्ये कंपनीने खानदेश घेतला, तेव्हापासून सातपुडा-सातमाळ्यातल्या भिल्लांवर पलटणी सोडून सोडून सरकार थकले होते. औट्रमवर काम सोपवले ते उलटे: ज्यांना धरायचे त्यांनाच चाकरीत घ्यायचे. तो एकटा डोंगरात गेला, भिल्ल नाईकांबरोबर राहिला, त्यांच्यासोबत वाघ मारले. सुरुवातीला फक्त पाच जण त्याच्यामागे आले. वर्षभरात ते काही शे झाले. ही खानदेश भिल्ल पलटण, आणि तिचे ठाणे आमचे धरणगाव.

औट्रमला मी डोक्यावर घेत नाही. खानदेशातल्या दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मारलेल्या वाघांची गणती चरित्रकाराने अभिमानाने दिली आहे आणि ती दोनशेच्या आसपास जाते. आज त्याच माणसाचे नाव एका अभयारण्याला आहे. चाळीसगाव-कन्नडच्या डोंगरातले, १९८६ मध्ये घोषित झालेले ‘गौताळा औट्रमघाट’. घाटाचे नाव अभयारण्याला चिकटले, एवढीच ती हकीकत. पण वाघ संपवणाऱ्याच्या नावाच्या जंगलात २०२१ च्या मार्च महिन्यात, अनेक दशकांनी, टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा मला हसू आवरले नाही. शिवाय ती पलटण भिल्लांच्या भल्यासाठी नव्हती. भिल्लांकडून भिल्लांना आवरायचे, हा तिचा हेतू उघड होता.

तरीही एक गोष्ट औट्रमला कळली होती. रान ओळखणारा माणूस हवा असेल तर त्याला महिन्याच्या महिन्याला पैसे द्यावे लागतात. त्याने भिल्लांना निसर्गप्रेमाचे व्याख्यान दिले नाही. हजेरीपट काढला.

हजेरीपटावरून नाव पुसले की काय होते, हेही खानदेशानेच पाहिले आहे. खाज्या नाईक सेंधवा घाटाचा राखणदार होता. एका संशयिताच्या मृत्यूपायी तुरुंगात गेला, सुटला, १८५७ मध्ये पुन्हा चाकरीत घेतला गेला आणि थोड्याच दिवसांत उठला. ज्या वाटेची राखण केली त्याच वाटेवर त्याने सरकारी खजिना लुटला, आणि १८५८ मध्ये अंबापाणीला इंग्रजांशी लढला. त्याच्या उठावाचे कारण फक्त नोकरी होते असे म्हणणे त्याच्यावर अन्याय होईल. पण घाट राखणारा आणि घाट लुटणारा यांचे ज्ञान एकच असते, एवढे त्यावरून दिसते. आज वनखात्यात रोजंदारीवर घेतलेल्या संरक्षण मजुराला निधी संपला की घरी पाठवतात. तो घरी जाताना पाणवठे, पाऊलवाटा, गस्तीच्या वेळा सोबत घेऊन जातो. तरी बहुतेक जण गप्प बसतात, हा त्यांचा मोठेपणा.

आता परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ. हे नाव काढल्याशिवाय महाराष्ट्रात या विषयावर लिहिता येत नाही, आणि मला तर काढायचेच आहे, कारण पाहुण्यांना उत्तर म्हणून आमच्यातले अनेक जण गाडगीळच पुढे करतात. मीही वर्षानुवर्षे केले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, यावर त्यांच्याइतके बोचरे कुणी बोललेले नाही. तो कायदा अविवेकी आहे, घटनेला धरून नाही, तो रद्द करावा, इथवर ते गेले. आणि स्वीडनसारख्या देशांत परवान्याने शिकार होते, तरी प्राणी टिकून आहेत, हा दाखलाही त्यांनी दिला. मला त्यांची दोन उदाहरणे याहून मोलाची वाटतात.

एक कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या बांबूचे. बांबू संपत चालला, कारण गावकऱ्यांची गुरे कोंब खातात, असे खाते सांगे. गाडगीळ बेटांपाशी गेले, गावकऱ्यांशी बोलले. बांबूच्या बुंध्याशी काट्यांचे कडे असते. कोवळे कोंब त्यामुळे वाचतात. कागद गिरणीची माणसे तोड सोपी व्हावी म्हणून ते काटे साफ करत, आणि मग गुरे, माकडे, साळिंदरे सगळ्यांनाच कोंब मोकळे. हे गावात सगळ्यांना माहीत होते; खात्याच्या अहवालात नव्हते. दुसरे राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्याचे. तिथल्या पाणथळीत म्हशी चरतात म्हणून १९८२ मध्ये चराई बंद केली. गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसे मेली. आणि म्हशी गेल्यावर गवत एवढे माजले की पाण्याची जागा गवताने घेतली आणि पक्ष्यांचेच बिनसले. चराईबंदीच्या बाजूने सालिम अलींसारखा माणूस होता. त्यांच्याहून पक्षी कुणाला कळत होते? पण म्हशी चारणाऱ्याला कुणी विचारले नव्हते.

या दोन गोष्टी मी इतक्या व्याख्यानांत सांगितल्या आहेत की त्या माझ्याच वाटू लागल्या आहेत. त्यांतून निघणारा निष्कर्ष सोपा: जंगल लोकांच्या ताब्यात द्या, लोक राखतील. आणि आमच्याकडे त्याचा जिवंत पुरावाही आहे. साक्री तालुक्यातले बारीपाडा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, दंड लावले, पहारा दिला आणि चारशेहून अधिक हेक्टर जंगल परत उभे केले. चैत्रामभाऊ एम.कॉम. आहेत. नोकरी चालून येत असताना ते गावातच राहिले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, याचा साऱ्या खानदेशाला आनंद झाला.

पण याच पुराव्यापाशी मी अडतो. चैत्रामभाऊंची गोष्ट व्यासपीठावर सांगितली जाते तेव्हा जोर कशावर असतो? ‘नोकरी नाकारली’ यावर. पाहुण्यांनीही तेच उदाहरण दिले होते! म्हणजे पाहुणे म्हणतात, वेड असेल तर पगार कशाला. आणि आम्ही गाडगीळवाले म्हणतो, आपुलकी असेल तर पगार कशाला. शहरी पोराने ध्येयासाठी फुकट राबावे, आदिवासी गावाने जंगल आपले म्हणून फुकट राबावे. भांडण आमचे मोठे, पण मजुरीचा रकाना दोघांच्याही वहीत कोरा. गाडगीळांनी अधिकाराचा प्रश्न जितका धारदार मांडला, तितका गस्तीच्या रोजाचा मांडला नाही. बारीपाडा एक पाडा आहे, एकदिलाचा आहे, आणि त्याला चैत्राम पवार मिळाले. यावलचे अभयारण्य १९६९ पासूनचे, मध्य प्रदेशच्या हद्दीला भिडलेले. अतिक्रमण आणि सागाची तस्करी या दोन्हींनी पोखरलेले. तिथे रात्री कुऱ्हाडीचा आवाज आला तर आपुलकीने कुणी उठावे, ही अपेक्षा मी माझ्या घरच्या माणसाकडून करणार नाही.

शिकारबंदीच्या कामाचा तपशील तर फार क्वचित बोलला जातो. बंदूक, पाठलाग असे त्यात थोडे. रोजचे काम म्हणजे पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीवर तारेचा फास आहे का, हे वाकून वाकून पाहणे. रानडुकरासाठी वीज सोडलेली तार शोधणे. पाण्यात कुणी काही कालवले नाही ना, याची खात्री करणे. हे काम कुणाला येते? ज्याच्या आज्याने फासे लावले त्याला. पारध्याला येते, सातपुड्यातल्या पावरा आदिवासीला येते. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, १९५२ मध्ये तो शिक्का पुसला, आणि वीस वर्षांत नव्या कायद्याने त्यांचा धंदाच गुन्हा झाला. धंदा बंद करणे योग्यच होते. बदल्यात काय दिले, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. केरळात पेरियारला विचारला गेला. तिथे दालचिनीची साल चोरणाऱ्या तेवीस जणांना खटले उगाळत बसण्याऐवजी गस्तीवर आणि पर्यटकांच्या वाटाड्याच्या कामावर घेतले, आणि ते काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. औट्रमचीच युक्ती, फक्त वाघ न मारता.

तर माझ्या शिकलेल्या पोरांच्या बाजूने सुरू केलेले हे भांडण इथे येऊन वेगळे झाले आहे. वनरक्षकाच्या भरतीत अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावीची सवलत आहे, हे खरे. पण त्या परीक्षेत सामान्य ज्ञान आहे, मराठी-इंग्रजी आहे, बुद्धिमापन आहे; पंचवीस किलोमीटर चालायचे आहे, तेही सरळ रस्त्यावर. वाटेत फास दिसला का, असे कुणी विचारत नाही. दहावी नापास पावरा पोरगा रोजंदारीवर, आणि त्याच्या मागून चालणारा बारावी पास वनरक्षक, अशी जोडी मग जंगलात जाते. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीत वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या, तेव्हा त्यांच्यासोबत तीन मदतनीस होते. स्वातीताईंचे नाव आपल्याला माहीत आहे. त्या तिघांची नावे किती जणांना आठवतात? वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वारसांना द्यायची रक्कम आपल्या राज्यात वाढत वाढत पंचवीस लाखांवर गेली. मृत्यूचा दर ठरलेला आहे. जिवंतपणीच्या रोजाला मात्र निधीची वाट पाहावी लागते.

पैसे कुठून आणायचे, असे कुणी विचारील. ताडोबात प्रवेशशुल्काचा पैसा प्रतिष्ठानाकडे जातो, त्यातून गावांची कामे निघतात. कारण तिथे वाघ दिसतो आणि जिप्सी धावतात. यावलला जिप्सी नाही. मुक्ताईनगरजवळ डोलारखेड्याच्या रानात वाघ आहेत, म्हणून २०१४ मध्ये मुक्ताई-भवानी हे संवर्धन राखीव झाले. तिथेही पर्यटक फिरकत नाहीत. ज्या जंगलात वाघ नुसता जगतो, दिसत नाही, त्याच्या राखणदाराचा पगार पर्यटकांच्या हौसेवर टांगायचा असेल, तर खानदेशाने वाघ मागूच नयेत. हा खर्च थेट राज्याच्या तिजोरीतून, दर महिन्याला, पोलिसाच्या पगारासारखा गेला पाहिजे.

आणि शिकलेल्या मुलांचे काय? त्यांनाही काम आहे, भरपूर आहे. शिकारीचा खटला जंगलात कमी आणि कोर्टात जास्त हरला जातो. पंचनामा ढिसाळ, जप्त मांसाचा नमुना वेळेत प्रयोगशाळेत गेला नाही, साक्षीदार फुटला, आणि आरोपी सुटला. इथे प्राणिशास्त्र शिकलेली मुलगी हवी, कायदा शिकलेला मुलगा हवा. म्हणजे प्रत्येक परिक्षेत्रात दोन पदे: एक फास शोधणाऱ्याचे, एक तो फास कोर्टात सिद्ध करणाऱ्याचे. दुसऱ्यासाठी पदवी मागा. पहिल्यासाठी रानात नेऊन परीक्षा घ्या, आणि परीक्षक म्हणून एखाद्या म्हाताऱ्या पारध्याला बसवा, भत्ता देऊन. दोघांत वरिष्ठ कोण, यावर खात्यात मोठा वाद होईल. माझ्यापुरते म्हणाल तर वेतनश्रेणी एकच ठेवावी, आणि सही आधी फास शोधणाऱ्याची घ्यावी. सही येत नसेल तर अंगठा.