नकाराची किंमत

सौदेबाजीच्या प्रयोगांपैकी सर्वांत साधा आणि तरीही सर्वाधिक वादाला कारण ठरलेला प्रयोग वर्नर ग्यूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. निर्वाणीच्या प्रस्तावाच्या या खेळात एक जण ठरावीक रकमेची वाटणी सुचवतो. दुसऱ्याने ती मान्य केली तर दोघांना आपापला वाटा मिळतो, नाकारली तर कोणालाच काही मिळत नाही. केवळ स्वहित पाहणारा माणूस शून्याहून अधिक असा कोणताही वाटा स्वीकारील आणि हे ओळखून प्रस्तावक त्याची किमान रकमेवर बोळवण करील, असे अर्थशास्त्राचे गणित सांगते. प्रत्यक्षात मात्र प्रस्ताव बहुधा निम्म्याच्या आसपास राहतात आणि क्षुल्लक वाटे वारंवार झिडकारले जातात.

याचे श्रेय न्यायबुद्धीला देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु ॲल्विन रॉथ आणि इडो एरेव्ह यांनी १९९५ मध्ये मांडलेली उपपत्ती प्रबलनावर, म्हणजे ज्या कृतीतून लाभ होतो तिच्याकडे माणसाचा कल त्या लाभाच्या प्रमाणात वाढतो या तत्त्वावर, आधारलेली आहे. शंभरांपैकी दहा रुपये देऊ करणाऱ्याला नकार मिळाला तर त्याचे नव्वद बुडतात, नाकारणाऱ्याचे दहाच. त्यामुळे पहिला हात सैल सोडायला चटकन शिकतो आणि दुसऱ्याला आपला ताठा नुकसानीचा आहे हे उमगण्याआधीच तसले प्रस्ताव येणे थांबलेले असते. दिसणाऱ्या औदार्यात नकाराचा धसकाही असतो तो असा.

रॉथ आणि सहकाऱ्यांनी जेरुसलेम, ल्युब्लियाना, पिट्सबर्ग आणि टोकियो येथे केलेल्या, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा खेळ दर फेरीला जोडीदार बदलून दहा फेऱ्या खेळला गेला. एका विक्रेत्यापुढे नऊ ग्राहकांनी बोली लावण्याचा बाजाराचा खेळ चारही शहरांत लवकरच गणिताने सांगितलेल्या टोकाला पोहोचला. दोघांच्या खेळात मात्र तसे घडले नाही आणि जेरुसलेम व टोकियोतील प्रस्ताव इतर दोन शहरांपेक्षा कमीच राहिले. तरीही तेथे नकार अधिक आले नाहीत. तेव्हा फरक लोभाचा नसून वाजवी कशाला म्हणावे याविषयीच्या उभयपक्षी धारणेचा होता, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

ईशान्य भारतातील खेड्यांत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वाटायची रक्कम २० रुपयांपासून २०,००० रुपयांपर्यंत नेण्यात आली, तेव्हा सर्वांत मोठ्या रकमेला नकार जवळजवळ नाहीसे झाले. हे रॉथ-एरेव्ह यांच्या तर्काशी जुळणारे वाटते खरे, पण तेथे फेऱ्याफेऱ्यांतून शिकण्याला वावच नव्हता. नकाराची किंमत खेळणारे जाणूनच आले होते, आणि या पूर्वीच्या शहाणपणाला ती उपपत्ती आरंभीचा कल म्हणून गृहीत धरते, त्याचा उगम सांगत नाही.